आईला आणायला

आईला विमानाची भारी धास्ती, एकटी तर ती बसायचीच नाही. "अगं, डोंगर ओलांडला की आलं. वीस मिनिटांचा तर प्रवास!" असं तिच्या कानीकपाळी ओरडून मी तिला कसंबसं तयार केलं होतं. उद्या सकाळी माझ्या गावात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, म्हणून आज मी तिला आणायला निघालो.

विमानतळावर सकाळपासून एकच रडगाणं: "दरीत धुकं आहे, अजून तासभर थांबा." शेवटी माझं डोकं फिरलं. तिकीट रद्द केलं आणि जीप पकडली. घाटातली वळणं संपता संपेनात, फोनला रेंज नाही, शेजारचा माणूस माझ्या खांद्याला उशी समजून घोरतोय. अंधार पडता पडता, हाडं खिळखिळी करून घेऊन आईच्या दारात पोचलो.

दाराला कुलूप.

तेवढ्यात फोन वाजला. आईच होती.

"अरे, किती फोन लावले! धुकं गेलं, म्हटलं पोराला किती ताटकळत ठेवायचं? जीव मुठीत धरून बसले एकटीच विमानात. विमानतळावर तुला शोधून दमले, आता तुझ्या घरी आलेय, तर दाराला कुलूप!"

"आई, मी तुझ्या दारात उभा आहे," मी कसाबसा म्हणालो.



"मग त्यात काय एवढं? ये की पटकन. वीस मिनिटांचा तर प्रवास!"