खिडकीजवळचं पॅनेल

मृण्मयीचे वडील, अण्णा, वारल्यावर त्यांचं भाड्याचं घर सोडायचं होतं, म्हणून घरमालकाचा माणूस शिरोळे घरातली जमीन तपासायला आला होता. ती धातूच्या फेसाच्या हलक्या पॅनेलांची होती; त्यांच्यातले तंतू भाराने आलेला प्रत्येक वाक नोंदवून ठेवत.

"ताई, खिडकीजवळचं पॅनेल आजच बदलावं लागेल. एकाच जागी भार पडून त्याची ताकद गेलीय. रोज रात्री आठला, दहा मिनिटं. कोण उभं राहायचं इथे?"

मृण्मयीला आठवलं, रोज रात्री आठला ती परगावाहून अण्णांना फोन करी. "अण्णा, जेवलात ना?"

"पोटभर!" अण्णा हसून सांगत.

"वजन दिसतं का त्यात?" तिने शिरोळेला विचारलं.

"दिसतं की. आधी चौसष्ट किलो. शेवटच्या आठवड्यात एकेचाळीस."

चपला काढून मृण्मयी अलगद त्या जागेवर उभी राहिली.

"दहा मिनिटं थांबा," ती म्हणाली, "मग काढा."