रोमहून फोन

सहा वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला आणि विभावरीने कांदा अर्धवट परतून शेगडी बंद केली. कालही फोन याच सुमारास आला होता, परवाही.

"मम? इट्स मी."

"बोल रे राजा. काही खाल्लंस का?"

आवाज वेदांतचाच होता. तोच जरा बसका, सर्दी झाल्यासारखा. रोममध्ये पासपोर्ट आणि पाकीट चोरीला गेले आहे, फोनचा कॅमेरा फुटल्यामुळे व्हिडिओ दिसणार नाही, आणि हॉटेलवाला गिफ्ट कार्डाशिवाय दुसरे काही घेत नाही, हे सगळे त्या आवाजाने परवाच सांगून टाकले होते. आज त्याला एवढेच विचारायचे होते.

"मम, डिड यू गेट द कार्ड?"

"आणलंय, आणलंय. आधी माझं ऐक. स्टेशनवर कुणी मनगटाला दोरा बांधायला आला तर हात खिशात घाल. मीटर नसलेल्या टॅक्सीत बसू नकोस. आणि पोलीस आहे म्हणून कुणी पाकीट मागितलं तर चौकीवर चल म्हणून सांग. ऑगस्टमध्ये तिथे गावचे लोक कमी आणि खिसेकापू जास्त."

"यॅह, ओके. द कार्ड, मम?"

वेदांत हॅमिल्टनमध्येच जन्मला. आईचे मराठी त्याला सगळे कळायचे, उत्तर मात्र इंग्रजीतच यायचे. विभावरीला त्याची सवय होती.

खरे तर तिला गंडवणे सोपे नव्हते. ती हॉस्पिटलात फार्मासिस्ट होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीतली चुकलेली मात्रा तिला लांबून दिसायची. बँकेच्या नावाने खोटा मेसेज आला की ती तो सगळ्या मैत्रिणींना वाचून दाखवी आणि वर त्यातल्या चुका काढी. वेदांत युरोपला निघाला तेव्हा कसे फसवतात, कुठे फसवतात, याची यादी तिनेच केली होती. चांगल्या एकतीस सूचना. यादीची एक प्रत त्याच्या बॅगेत आणि एक फ्रिजवर. पहिली सूचना लाल शाईत होती : काही झालं तरी बॅग सोडायची नाही. तो हसून म्हणाला होता, "स्वीट ॲज, मम," म्हणजे एकदम झकास.

आणि आता हीच बाई कोपऱ्यावरच्या दुकानातून रोज एक कार्ड आणत होती. दुसऱ्या कुणी असे केले असते, तर तिने त्या बाईची अक्कल काढली असती.

दुपारीच वेलिंग्टनहून श्रियाचा फोन येऊन गेला होता. धाकटी असली तरी या घरात सगळ्यांना दटावण्याचे काम आता तिच्याकडे आले होते.

"आई, त्याचे ढीगभर व्हिडिओ नेटवर आहेत. त्यातून कुणीही एआयने आवाज उचलतं. दॅट्स नॉट हिम. यू नो दॅट, राइट?"

"हो."

"मग ब्लॉक का नाही करत?"

"करते," विभावरी म्हणाली होती, आणि डब्याचे झाकण लावत बसली होती.

नवऱ्याने, मधुकरने, मात्र एका शब्दाने अडवले नव्हते. परवा त्याने तिच्या हातातून फोन हिसकावून घेतला, मिनिटभर कानाला लावला, मग परत तिच्या हातात दिला आणि गॅरेजमध्ये निघून गेला. तासभर तो बाहेर आला नाही. आज तो जेवणाच्या टेबलाशी बसून तांदूळ निवडत होता. पाकिटातल्या तांदळात निवडण्यासारखे काही नसते, तरी निवडत होता.

तिने कार्डावरचे आकडे वाचायला घेतले. एक आकडा, मग थांबायचे. चष्मा पुसायचा. पुन्हा पहिल्यापासून. सोळा आकड्यांना तिने दहा मिनिटे लावली.

"कॅन यू गेट फाइव्ह टुमॉरो, मम? ऑल टुगेदर?"

"नाही. वन. रोज एकच." हे तिने पहिल्या दिवशीच ठरवले होते. सगळी एकदम दिली तर संपलेच की.

"ओके. आय हॅव टू गो."

"थांब." तिचा आवाज चिरकला. "बॅगेला कुणी हात घातला ना, तर सोडून दे. देऊन टाक. त्याच्या मागे रस्त्यात धावायचं नाही. कळलं? मी काहीही सांगितलेलं असू दे, तू धावायचं नाही."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"प्रॉमिस कर. से प्रॉमिस."

"मम, प्लीज…"

"से इट."

"प्रॉमिस, मम."

विभावरीने ओट्याची कड धरली. तिला रडू फुटले आणि ते तिने आवरले नाही. किती साधा शब्द, आणि तो ऐकायला ती किती दिवस तळमळत होती. मधुकर उठून तिच्याजवळ आला. त्याला काय करावे सुचेना, म्हणून त्याने नळ सोडला आणि पुन्हा बंद केला.

"गुरुजी हेन्डरसनहून सकाळी लवकर निघतायत," तो हळूच म्हणाला. "दहाला पोचतील. खिरीला दूध आहे ना?"

तिने मान हलवली, डोळे पुसले आणि फोन पुन्हा कानाशी नेला.

"उद्या सकाळी करू नकोस हं फोन. टुमॉरो ईव्हनिंगलाच कर. मॉर्निंगला घरात गडबड आहे."

"व्हाय?" पहिल्यांदाच त्या आवाजाने कार्ड सोडून दुसरे काही विचारले. "व्हॉट्स ऑन टुमॉरो, मम?"

"तुझं वर्षश्राद्ध आहे, बाळा," विभावरी म्हणाली.