आधीचा भाग

कलाकृतीबद्दलचं मत हे माणसाचं अगदी स्वतःचं असतं. ते उसनं आणता येत नाही. लिफ्ट मेकॅनिकने सहा आणली होती. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर परीक्षणं वाचून त्याने ती एका सर्व्हिस कार्डाच्या मागे उतरवून घेतली आणि शनिवारपर्यंत पाठ केली.

आता सिनेमा सुटला होता. उपाहारगृहातल्या डगमगत्या टेबलाशी त्याची मुलगी समोर बसली होती आणि शेजारच्या टेबलाशी कोर्टाने नेमलेल्या देखरेखीच्या बाई उरलेले पॉपकॉर्न संपवत होत्या. महिन्याचा दुसरा शनिवार, बारा ते चार, तिसऱ्या व्यक्तीसमक्ष. हा हुकूम निघाला तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती आणि तो बदलून घ्यायची तसदी पुढे कोणी घेतली नव्हती. येत्या गुरुवारी ती अठरा पूर्ण करणार होती. हुकूम तिथे संपत होता. त्यानंतर बापाला भेटायचं की नाही, ते तिचं ती ठरवणार.

"मग? कसा वाटला?" तिने विचारलं.

"दिग्दर्शकाने मूळ मालिकेच्या मिथकाला मानवी चेहरा दिलाय," तो एका दमात म्हणाला.

मुलीच्या हातातली स्ट्रॉ थांबली. "आणि?"

"आणि तरुण कप्तानाच्या अंतर्द्वंद्वाला पुरेसा अवकाश मिळत नाही."

"अडीच तास अवकाशातच तर होता. तिसरं मी सांगू? 'पार्श्वसंगीत मात्र स्मृतिकातर करतं.' मीपण वाचते, बाबा. त्या टकल्या समीक्षकाचं आहे हे सगळं."

मेकॅनिकने टेबलाखाली कार्ड मुठीत चुरगाळलं.

"मला तो चाकांवरचा डबा आवडला," बाई मध्येच म्हणाल्या. "बिचारा."

"मावशी, तो डबा नाही. यंत्रमानव आहे."

"असेल गं. पण स्वभावाने चांगला."

मुलगी पुन्हा बापाकडे वळली. "तुमचं सांगा ना. तुम्हाला काय वाटलं?"

त्याला काही वाटण्याइतकी माहितीच नव्हती. आधीच्या सात भागांपैकी त्याने फक्त पहिला पाहिला होता, तोही अर्धा, हिच्याच शेजारी बसून. मध्येच एका इमारतीच्या नवव्या आणि दहाव्या मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टमधून फोन आला होता.

"दारं," तो म्हणाला.

"काय दारं?"

"यानाची. ही गोष्ट पहिल्या भागाच्या चाळीस वर्षं आधीची ना? मग हिच्यात दारं जास्त चांगली कशी? तेव्हा मी पाहिलं त्यात दोन पल्ले होते आणि बंद होताना धक्का बसायचा. इथे एकच पल्ला, आवाजसुद्धा नाही. म्हणजे चाळीस वर्षांत दारं बिघडत गेली. कोणी देखभालच केली नाही." त्याने जरा दम घेतला. "आणि एवढी माणसं चढतात-उतरतात, दाराला सेन्सर नको? मी असतो तर यान सुटूच दिलं नसतं. शेरा मारून बंद ठेवलं असतं."

मुलगी हसली. इतकी, की सरबत नाकात गेलं आणि बाईंना उठून कागदी रुमाल द्यावा लागला.

"अहो, पहिल्या भागाच्या वेळी कंपनी कडकीत होती," ती डोळे पुसत म्हणाली. "दारं पुठ्ठ्याची होती. मागे दोन माणसं उभी राहून ओढायची."

"तरीच धक्का बसायचा. दोघांचा मेळ नव्हता."

त्यानंतर ती सलग बोलत राहिली. कुठला ग्रह कधी फुटला, कोण कोणाचा भाऊ निघाला. तो मान हलवत होता. चुकीच्या जागी हलू नये म्हणून अगदी थोडी. गेल्या दोन वर्षांत ती त्याच्याशी एका वेळी एवढं बोलली नव्हती.

"पण भीती नाही वाटली," ती शेवटी म्हणाली. "कप्तान तिसऱ्या भागात मरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मग इथे त्याच्यावर कितीही गोळ्या झाडा, लागणार थोड्याच? काय होणार ते ठरलेलंच असतं. आपण नुसतं बसून राहायचं."

तिने पिशवी खांद्याला लावली. आता विचारलं नाही तर राहून जाईल, हे मेकॅनिकच्या लक्षात आलं.

"पुढचा भाग आला की जाऊ या? आपण दोघंच. मी फोन बंद ठेवीन."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, ज्याने मालिका पाहिलेली नाही अशा माणसाला समजावून सांगावं, तसं.

"पुढचा नाहीये, बाबा. हा आधीचा होता. पुढचं सगळं येऊन गेलंय."

"मग ह्याच्याही आधीचा काढतील की. कप्तान लहान असताना काय झालं, तो."

"त्यात कोणाला रस असणार?"

ती उठली. "मावशी, थँक्यू हं. बरीच वर्षं बसलात." मग बापाला म्हणाली, "दारांचं छान होतं." आणि जिन्याने खाली गेली. लिफ्ट समोरच होती, चालूही होती.

बाईंनी बोटांचं मीठ पुसलं आणि पर्समधून फॉर्म काढला. त्यावर दोनच चौकोन होते: भेट झाली, भेट झाली नाही. त्यांनी पहिल्यात खूण केली आणि सहीसाठी कागद त्याच्याकडे सरकवला.