एक्केचाळीस नंबरचा शंख

पिराजीनं ओढ्याच्या चिखलातून दगड उचलला आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा ओरडला, "घावला! ओ पवित्राताई, घावला की शंख!"

पवित्रा हातोडी टाकून धावली. दोन वर्षं ही पोरगी नेसरीच्या ओढ्यात उकिडवी बसून दगड फोडत होती. कशापायी? तर शहात्तर साली हिरेमठ सरांनी इथं दगड झालेला शंख सापडल्याचं छापून आणलं होतं, आणि पंचवीस वर्षांनी तिची पीएच.डी. त्यावर टांगली होती. दुसरा शंख काही मिळत नव्हता. दिवाळीपर्यंत बघा, नाहीतर विषय सोडा, असं विद्यापीठानं कळवलं होतं.

काठावर बसलेले हिरेमठ सर जागचे हलले नाहीत. शंख त्यांनीच सकाळी, ही दोघं चहाला गेल्यावर, चिखलात खुपसला होता. पोरीचं भलं होईल आणि आपली अब्रूही राहील, एवढाच विचार. पहिला तरी इथला कुठं होता? नागपूरकडच्या मित्रानं दिलेल्या जोडीतला तो एक, हा दुसरा. तरुणपणी नावाची हाव सुटली, दगडाच्या चिठ्ठीवर सापडल्याचं ठिकाण 'नेसरी' लिहून टाकलं, झालं!

"सर, बघा ना!" पवित्राचे डोळे भरून आले होते. ओढणीनं चिखल पुसता पुसता तिनं दगड उलटा केला आणि तिचा हात थांबला.

खाली पांढऱ्या रंगाचा ठिपका होता. त्यावर काळ्या शाईत बारीक आकडा, ४१.

आकडा सरांच्याच हातचा. घरात आलेल्या प्रत्येक दगडाला नंबर घालायचा, ही त्यांची जन्माची खोड. आज तो खरवडायचं ध्यानातच आलं नाही, हात्तिच्या! आणि त्यांची नोंदवही स्वच्छ अक्षरात उतरवून दिली होती ती ह्याच पोरीनं.

पिराजीला कशाचा पत्ता? "लिवा की आता! पिराजीच्या रानात घावला म्हणून लिवा. पेपरात येऊ द्या जरा आमचंबी नाव."

पवित्रानं पिशवीतून कोरी चिठ्ठी काढली आणि पेन उघडून सरांपुढं धरलं.

"ठिकाण तुम्हीच घाला, सर."

त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं. समोर ही, पाठीशी पिराजी. उठून जायचं तरी कुठं? शरमेनं सरांचे कान तापले. गुडघ्यावर चिठ्ठी ठेवून त्यांनी लिहिलं: माझं कपाट, राजारामपुरी, कोल्हापूर.

"ह्ये वो काय?" पिराजी वाकून वाचत होता. "घावला आमच्यात आन् पत्ता तुमचा?"

पवित्रानं फुंकर घालून शाई वाळवली आणि चिठ्ठी दगडाबरोबर पिशवीत ठेवली. मग दुसरी कोरी चिठ्ठी काढून सरांच्या गुडघ्यावर ठेवली.

"आता पहिल्याची."