तीन बटणं, एक दिवा

अलेक्झांड्रियाच्या कॉलेजातली मतदानाची पेटी इनासनेच बनवली होती. तीन बटणं, मतं जुळवणारी चार लॉजिक गेटं. समितीतल्या तिघांपैकी कोणत्याही दोघांनी दाबलं की दिवा लागणार. पहिलाच ठराव तिच्या रखडलेल्या बढतीचा होता.

बैठकीआधी डीन शौकतबे म्हणाले, "इंजिनीअरबाई, मी दाबलं की दिवा लागला पाहिजे. मी नाही दाबलं, तर नाही."

"मग गेटं कशाला, साहेब? एक वायर पुरे."

"बाकीची बटणं मात्र राहू देत. लोकांना दाबायला बरं वाटतं."

हुज्जत घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने चारही गेटं काढून टाकली आणि डीनचं बटण थेट दिव्याला जोडलं.

बैठकीत बाकीच्या दोघांनी मनापासून बटणं दाबली. डीन चहा ढवळत राहिले. दिवा लागला नाही.

दोघांनी हळहळून तिच्याकडे पाहिलं. "बाई, तुमचं साधं सर्किट चालेना. बढती कशी द्यायची?"