छत्तिसावी पायरी

कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैच्या मुरुगनाच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, देवळाला साठ पायऱ्या आहेत. चेन्नैच्या स्टेडियममध्ये आम्हाला परवडणाऱ्या सर्वांत वरच्या स्टँडला शहाण्णव. रविवारच्या सामन्याची तिथली दोन तिकिटे माझ्या फोनवर सात मिनिटांसाठी राखीव होती. खालची तिकिटे माझ्या पगाराबाहेरची होती. आयुष्यभर रेडिओवर क्रिकेट ऐकलेल्या माझ्या वडिलांना, अप्पांना, एकदा मैदान पाहायचे होते. मार्चपासून त्यांच्या हृदयात स्टेंट होता. “न थांबता वर पोचलात, तर पैसे भरते,” देवळाच्या पायथ्याशी मी म्हणाले. “अगे, मुरुगनसुद्धा अशा अटी घालत नाही,” म्हणत ते चढू लागले. छत्तिसाव्या पायरीवर बसले. “साठ संवत्सरांच्या साठ पायऱ्या. ही शुभकृत्, माझ्या जन्मवर्षाची. इथे बसायलाच पाहिजे,” मध्ये तीनदा थांबत ते म्हणाले. तिकिटांची तीस सेकंदे उरली होती. मी त्यांचे मनगट धरले आणि फोनवरचे आकडे शून्यावर येईपर्यंत नाडी मोजली. अर्ध्या मिनिटात एकोणसत्तर ठोके.