सावलीचा निकाल

आठशे मीटरची शर्यत केतकी गावितने सगळ्यांच्या आधी संपवली, पण तिचं घड्याळ थांबलं नाही. ती वळून आपल्या सावलीची वाट पाहू लागली.

सावली प्रकाशाची होती, हुबेहूब केतकीच्या चेहऱ्याची. केतकीची शरीरघडण जन्मतःच वेगळी. तिच्या रक्तातलं जास्तीचं संप्रेरक वजा केलं तर ती किती वेगाने पळाली असती, हे मैदानावरचं एक यंत्र दर पावलाला ठरवायचं आणि तशी सावली पळवायचं. नियमाने निकाल सावलीचा. संघात पहिल्या तिघीच जाणार होत्या.

दोन मुली आल्या. मग तिसरी आणि सावली, खांद्याला खांदा लावून.

"ये ना गं," केतकी पुटपुटली.

ती मुलगी छातीभर पुढे निघाली.

"चौथी," तिच्या प्रशिक्षक मोकाशी मॅडम म्हणाल्या. "थोडक्यात गेलं. अजून जोर लाव पुढच्या वेळी."

"मॅडम, पहिली आले की मी! अजून किती?"

मॅडमनी वहीत सावलीची वेळ लिहून घेतली.

केतकीची आई आज प्रथमच मैदानावर आली होती. टीव्हीवर तिने तीन वर्षं फक्त सावलीच पाहिली होती, तीच दाखवत. ती धावत आली, केतकीच्या शेजारून पुढे गेली आणि रेषेवर वाकलेल्या सावलीवरून हात ओवाळून तिने कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"किती दमलीस गं बाय माझी!"

"आई, मी इकडे आहे," केतकी म्हणाली.

आईने मागे पाहिलं नाही. सावलीने पाहिलं.